फॉस्फेटची वेगळी बाटली

संस्थेत त्यांना सगळे कुकरकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं. तिथून ते कधी खाली उतरलं नाही.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात. एक लांब ओटा, एक तराजू, बाटल्यांची फळी, आणि कोपऱ्यात कमरेएवढा ऑटोक्लेव्ह. दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं हे यंत्र. दिसायला, फुसफुसायला आणि ऐन वेळी रुसायला घरातल्या कुकरचा थोरला भाऊ. काकांचं नाव त्यावरून पडलं. वरच्या चार मजल्यांवरचे संशोधक जिवाणू वाढवायचे. जिवाणूंनाही खायला लागतं. ते कुकरकाका शिजवायचे. पाणी, मोजून क्षार, चिमूटभर साखर, आणि सगळं घट्ट बसावं म्हणून अगार नावाची शेवाळाची पावडर. शिजवायचं, कोमट करायचं, पसरट बशांमध्ये ओतायचं, जेलीसारखं थिजू द्यायचं. या झाल्या प्लेटा. रोज दोनशे. कोमट किती, हे ते थर्मामीटरवर बघत नसत. फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, तान्ह्या पोराचं दूध बघावं तसा.

काम संपलेल्या, जिवाणूंनी भरलेल्या प्लेटाही त्यांच्याकडेच यायच्या. पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घालून निकामी करायला. "जेवायला घालतो मीच आणि मारतोही मीच," ते म्हणायचे. त्यांच्याकडे हा एकच विनोद होता. एकतीस वर्षं पुरला.

भिंतीवर कृती चिकटवलेली होती. टाइप केलेली, कडा पिवळ्या पडलेली. ओट्यावर रजिस्टर. शिजवलेल्या प्रत्येक घाण्याची त्यात एक ओळ. तारीख, नग, आणि शेवटी आधीच छापलेलं वाक्य: 'ठरलेल्या कृतीप्रमाणे तयार केले.' त्यापुढे सही. एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. बाहेरून तपासणीला माणसं आली की वरचे लोक चळाचळा कापायचे आणि काकांचं रजिस्टर सगळ्यात वर ठेवायचे.

मिरवावी अशी काकांकडे ही एकच गोष्ट होती. आणि ती खोटी होती.

झालं असं. नोकरीच्या पाचव्या वर्षी प्लेटा गढूळ निघायला लागल्या. तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, एक प्लेट घेऊन खाली आले. "हे काय आहे? जिवाणूंचं जेवण आहे की त्यांच्या आंघोळीचं पाणी?" काकांनी कृती पुन्हा वाचली. सगळे पदार्थ एका भांड्यात घालून शिजवा, असं लिहिलं होतं. तसंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता एक खटपट केली. फॉस्फेट नावाचा क्षार वेगळ्या बाटलीत, वेगळ्या पाण्यात शिजवला. अगार वेगळा. दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र केले. प्लेटा काचेसारख्या निघाल्या. थोरले सर म्हणाले, "आता कसं!" काय केलं, ते त्यांनी विचारलं नाही. काकांनी सांगितलं नाही. कृतीत एक शब्द बदलायचा तर समिती बसायची, तीन सह्या लागायच्या. बारावीच्या पुढे न गेलेल्या माणसाने समितीला काय सांगायचं? गढूळ दिसतं म्हणून?

तेव्हापासून रोज एक बाटली जास्त. बाटल्या धुणं जास्त. आणि रोज ती सही.

सव्वीस वर्षं.

*

चौथ्या मजल्यावर बसणाऱ्या मॅडम मातीतल्या जिवाणूंवर काम करायच्या. जंगलातून माती आणायच्या. वरचा पाचोळा बाजूला सारून खालची काळी, ओली. ती पाण्यात कालवायची, पातळ करायची, पुन्हा पातळ करायची, थेंबभर प्लेटवर पसरायचं आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांत ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूची लाखो पोरंबाळं. सात दिवस झाले की प्लेट टाकून द्यायची. सगळे तेच करतात.

सहा वर्षांपूर्वी मॅडमच्या अशाच टाकाऊ प्लेटा टोपलीत घालून काकांच्या खोलीत आल्या. त्याच दिवशी काकांच्या बायकोला दवाखान्यात हलवलं. काका पाच आठवडे कामावर आले नाहीत. टोपली तशीच राहिली. पाच आठवड्यांनी काका आले तेव्हा बायको नव्हती. टोपली होती.

मॅडम समाचाराला खाली आल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "काका, मला आत्ताच कळलं, खरं तर मी..." आणि त्यांची नजर टोपलीवर गेली. वरच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. फिक्या गुलाबी रंगाचे. मॅडमनी प्लेट उचलली, उजेडात तिरकी धरली आणि जिन्याने वर पळाल्या.

ते वाक्य अर्धंच राहिलं. काकांनी त्याचा राग धरला नाही. फक्त ते विसरले नाहीत.

ते ठिपके सहा वर्षं मॅडमचं आयुष्य खात राहिले. त्या दोघींचं जमलं, असंच म्हणायला हवं. मॅडम त्या जिवाणूला 'ती' म्हणायच्या. ती पस्तीस-चाळीस दिवसांनी दिसायची. घाई केलेली तिला चालायची नाही. जास्त खायला घातलं तर मरायची. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. दुपारचा डबा त्या उभ्यानेच खायच्या, एका हाताने. हे काकांना माहीत होतं. कारण ते प्लेटा द्यायला वर जायचे. दोघं एकमेकांना 'ठेवा इथे' आणि 'ठेवल्या' याहून जास्त बोलत नसत.

मग काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. संस्था तयार प्लेटा विकत आणू लागली. सीलबंद, दहा-दहाच्या पाकिटात. रजिस्टर बंद झालं.

*

घरी दोन खोल्या. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या मार्करने पदार्थ, तारीख आणि काकांची छोटी सही. साखर. चहा. मीठ.

मुलगी दुसऱ्या शहरात, नवऱ्याकडे. रविवारी सकाळी दहाला तिचा फोन.

"बाबा, बरंय ना सगळं?"

"बरंय."

"जेवता ना वेळेवर?"

"म्हणजे काय!"

"मिठाच्या डब्यावर अजून तारीख घालता का?"

"घालतो."

"मीठ कुठे पळून जाणारे, बाबा? या ना इकडे महिनाभर."

"येतो ना. इथलं जरा उरकलं की."

इथलं काय, हे ती विचारत नसे. तेही सांगत नसत. नऊ मिनिटं. फोन ठेवला की काका कप धुवायचे. एकच कप. तो दोनदा धुवायचे.

निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात एका दुपारी बस थांब्यावर मॅडम भेटल्या. आधी काकांनी ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, हातात कागदांची पिशवी.

"कुकरकाका! कसे आहात?"

"मजेत. तुम्ही?"

मॅडम एवढ्यानेच फुटल्या. बस येऊन गेली. दुसरीही गेली. त्या बोलत राहिल्या. नवी प्रजाती आहे, हे सिद्ध झालं होतं. पण नुसतं सिद्ध होऊन चालत नाही. तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहालयांनी स्वीकारावा लागतो, आपल्याकडे वाढवून बघावा लागतो आणि तसं लिहून द्यावं लागतं. म्हणजे उद्या कोणालाही ती मागवून तपासता येते. दोन दाखले आले तरच नाव लागतं. नाहीतर ती नाहीच.

"इथल्यांनी ठेवून घेतली. वाढली त्यांच्याकडे. परदेशात पाठवली, तिथे वाढेना. एकदा झालं, दोनदा झालं. ते म्हणतात, तुमच्या नळीत काही जिवंत नाही. आता तर माझ्याकडेसुद्धा वाढत नाही, काका. नव्या प्लेटांवर काहीच येत नाही. फ्रीजरमध्ये तीन नळ्या उरल्यात. एक वितळवली की एक गेली. लेख दिलाय त्या मासिकवाल्यांनी तीन महिने दिलेत. शेवटचे."

"इथल्या संग्रहालयाला तुम्ही प्लेटा पाठवल्या होत्या ना बरोबर?" काकांनी विचारलं. "चाळीस. मीच बांधून दिल्या होत्या."

"हो. पण परदेशात ओल्या प्लेटा नेऊ देत नाहीत. त्यांना कृती पाठवली. भिंतीवरची. शब्दन् शब्द. पाणी तसंच, अगार तोच, सगळं तेच. फरक कुठेच नाही."

तिसरी बस आली. मॅडम चढल्या. काकांचीही तीच बस होती. ते थांब्यावरच राहिले.

फरक कुठे आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

*

पाच दिवस काका घराबाहेर पडले नाहीत.

गप्प राहिलं तर मॅडमची सहा वर्षं पाण्यात. सांगितलं तर रजिस्टर. सव्वीस वर्षांच्या हजारो सह्या, आणि एकही खरी नाही. मॅडमच्या सगळ्या लिखाणात त्याच कृतीचा हवाला होता. म्हणजे मॅडमही खोट्या ठरणार. आणि वेगळ्या बाटलीमुळेच ती वाढत होती, हे तरी कशावरून? एक बाटली. तेवढ्याने असं काय होतं? त्यांनी तर फक्त गढूळपणा घालवला होता.

रविवारी मुलीचा फोन आला. काकांनी आडून विचारलं.

"समज, एखाद्याने नोकरीत एक गोष्ट नीट नाही केली. म्हणजे केली नीटच, पण सांगितल्यासारखी नाही केली. तर आता सांगावं का?"

"कोण एखादा?"

"असाच. आमच्यातला."

"अहो बाबा, रिटायर झाला ना तो? मग आता कोणाला काय फरक पडतोय?"

ती सहज म्हणाली. तिला पोराला उठवायचं होतं, दूध उतू चाललं होतं. त्या रविवारी सहाच मिनिटं झाली.

काका कप धुवायला उठले नाहीत. कोणाला काय फरक पडतोय, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की या वेळी पडतोय.

सोमवारी ते संस्थेत गेले. दारावरचा पहारेकरी नवा होता.

"कुणाकडे, आजोबा?"

आजोबा हा शब्द काकांना आवडला नाही. "चौथ्या मजल्यावर. मॅडमकडे."

"इथे लिहा. नाव, वेळ, काम."

काकांनी नाव लिहिलं. वेळ लिहिली. कामाच्या रकान्यावर पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: सांगायचं आहे.

पहारेकऱ्याने वही फिरवून वाचलं. "हे काय काम झालं?"

"हेच काम आहे."

"सांगायचं होतं तर फोन करायचा ना, आजोबा. चार मजले चढणार आता. लिफ्ट बंद आहे."

"एकतीस वर्षं चढलोय," काका म्हणाले. पहिल्याच जिन्यावर त्यांना धाप लागली.

मॅडम सूक्ष्मदर्शकाशी होत्या. काका दारातच उभे राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"मॅडम, मी कृती पाळली नाही."

"कसली कृती?"

"भिंतीवरची. सव्वीस वर्षं नाही पाळली."

त्यांनी सगळं सांगितलं. थोरले सर, गढूळ प्लेटा, वेगळी बाटली. मॅडम ऐकत होत्या. चेहरा हलत नव्हता.

"तुम्ही सही करत होतात," त्या म्हणाल्या. "रोज."

"हो."

"मी ते सगळीकडे लिहिलं, काका. माझ्या नावाने. दोन देशांना लिहून पाठवलं. एका माणसाला सहा शब्द बोलता आले नाहीत म्हणून मी आठ महिने वेड्यासारखी..." त्या थांबल्या. आवाज चढला होता. बाहेरच्या बोळात कोणीतरी चालता चालता थबकलं.

काका खाली बघत राहिले. माफी मागायची होती.

मॅडम खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. आता त्या स्वतःशीच बोलत होत्या. "फॉस्फेट आणि अगार एकत्र तापवले की काहीतरी तयार होत असणार. विषारी. थोडंसंच. दांडग्या जिवाणूंना कळतही नसेल. पण हिला... ही तर..." त्यांनी काकांकडे बघितलं. "आज शिजवता येईल?"

*

खाली जिन्याच्या पोटातल्या खोलीत खोक्यांचा ढीग होता. ऑटोक्लेव्ह भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. भंगारात जायची चिठ्ठी अंगावर. झाकणाचं रबरी कडं वाळून चिरलेलं.

"झालं!" मॅडम म्हणाल्या. "आता हे कुठून आणायचं?"

काकांनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात हात घातला. मागून एक कागदाची पुडी काढली. आत नवंकोरं रबरी कडं. टाल्कम पावडर लावून ठेवलेलं. पट्टीवर तारीख आणि सही.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "काका, अहो, तुम्ही माणूस आहात की गोदाम?"

दोन घाणे शिजले. एक भिंतीवरच्या कृतीप्रमाणे. एक काकांच्या. पाणी एकाच टाकीतलं, वजनं एकाच तराजूवरची. वाफेचा तो भाजल्या मातीसारखा वास खोलीभर पसरला. काकांनी फ्लास्क मनगटाला टेकवला. मॅडम बघत होत्या.

"हे पण कृतीत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ओता."

शेवटी मॅडमनी बंद पडलेलं रजिस्टर शोधून काढलं. काकांसमोर ठेवलं. दुसऱ्या घाण्याच्या ओळीत ते छापील वाक्य होतंच. काकांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं: फॉस्फेट वेगळं शिजवलं. अक्षर वेडंवाकडं आलं. रजिस्टरमधली ती पहिली खाडाखोड.

तीनपैकी एक नळी वितळली. दोन्ही घाण्यांच्या प्लेटांवर थेंब-थेंब पसरला. प्लेटा उपड्या करून, कडांना पट्टी लावून उबदार कपाटात गेल्या.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता महिनाभर काही नाही. आठवड्याने एकदा बघायचं."

काका दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी मॅडमनी पहारेकऱ्याला सांगून त्यांना पास करून दिला. फोटोखाली 'पाहुणा' असं लिहिलेला. काकांनी तो खिशाला लावला. पूर्वी ओळखपत्र लावायचे त्याच जागी.

दहा वाजता यायचे. कपाट उघडून नुसतं बघायचे. मग चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. काचेची भांडी पुसून ठेवायचे, कोणी सांगितलं नसताना. दुपारी डबा खायचे. मॅडम उभ्यानेच खायच्या. आठव्या दिवशी काकांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं. मॅडम बसल्या.

एकदा त्यांनी विचारलं, "ही नवी आहे, हे कळलं कसं?"

एकतीस वर्षांत त्यांनी वरच्या मजल्यावर कोणालाही असलं काही विचारलं नव्हतं. मॅडमनी चमचा खाली ठेवला.

"आधी तिला एकटीला काढायचं. एका ठिपक्यातून दुसरी प्लेट, दुसरीतून तिसरी. सोबतीला कोणी उरलं नाही, अशी खात्री होईपर्यंत. मग तिच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचायचा. आजवर माहीत असलेल्या सगळ्यांशी ताडून बघायचा. हिचा सगळ्यात जवळचा जो नातेवाईक निघाला, त्याच्याशी शंभरात शहाण्णव जुळतं."

"मग जुळलंच की."

"नाही ना! माणसांत शहाण्णव म्हणजे सख्खं झालं. यांच्यात शहाण्णव म्हणजे एकमेकांची घरंसुद्धा बघितलेली नाहीत. मग बाकीचं बघायचं. काय खाते, काय खात नाही, किती गारठा सोसते, किती आंबटपणा. अंगावरची चरबी कसली. सगळं मांडलं की कळतं, हिचं कोणी नाही. वेगळी आहे."

"एकटीच आहे म्हणा."

"जंगलात असतील की लाखो. आपल्याला दिसली ती एकटी."

थोडा वेळ दोघं जेवत राहिले.

"काका," मॅडम म्हणाल्या, "ती सापडली त्या दिवशी मी तुमच्याशी काहीतरी बोलायला आले होते."

"हो."

"अर्धवट टाकून पळाले. काय बोलणार होते, ते आता आठवतही नाही."

"वाईट झालं, असं म्हणायला आला असाल."

"हो," मॅडम म्हणाल्या. "वाईट झालं."

सहा वर्षांनी ते वाक्य पूर्ण झालं. काकांनी डब्याचं झाकण लावलं. घट्ट बसेना. पुन्हा लावलं.

*

एकोणचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, काकांना ठिपके दिसले.

मॅडम खाली आताच्या प्रमुखांकडे गेल्या होत्या. काकांनी प्लेट उजेडात तिरकी धरली. टाचणीच्या टोकाएवढे. फिके गुलाबी. दुसरी प्लेट बघितली. तिसरी. त्यांच्या घाण्याच्या सगळ्या प्लेटांवर होते. भिंतीवरच्या कृतीच्या प्लेटा कोऱ्या.

त्यांना आनंद झाला. मग लगेच दुसरं काहीतरी झालं. त्यांनी प्लेटा जशाच्या तशा ठेवल्या आणि कपाट बंद केलं.

मॅडम आल्या. "काही?"

"अजून नाही," काका म्हणाले.

जिभेवरून ते इतक्या सहज घसरलं की त्यांना स्वतःलाच कळलं नाही. स्टुलावर बसून ते भांडी पुसत राहिले. पुसलेलीच पुन्हा पुसली. पाच वाजता पहारेकरी म्हणाला, "उद्या येताय ना, आजोबा?" ते म्हणाले, "येतो ना."

घरी येऊन त्यांनी पाव काढला. खाल्ला नाही. उद्या सांगितलं की मॅडम नवी कृती पाठवतील. तिथले लोक शिजवतील. दाखला येईल. भिंतीवरचा कागद बदलेल. वेगळी बाटली सगळ्यांना माहीत होईल आणि मग ती शिजवायला कोणीही चालेल. पास परत द्यावा लागेल.

एक दिवस. एकच दिवस त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतला होता. तोही धड लागला नाही.

शुक्रवारी पावणेदहालाच ते चौथ्या मजल्यावर होते. "मॅडम, आलीय. काल आलीय. काल मी खोटं बोललो."

मॅडमनी 'आलीय' एवढंच ऐकलं. त्या कपाटाकडे धावल्या. प्लेट उजेडात धरली. तोंडावर हात गेला. मग प्लेट तशीच धरून त्या बाहेर पळाल्या. बोळातून त्यांचा आवाज येत राहिला. कोणाकोणाची दारं उघडली. टाळ्या वाजल्या. कोणीतरी मोठ्याने हसलं.

काका कपाटापाशी उभे होते. दार उघडंच राहिलं होतं. आतली ऊब बाहेर जात होती. त्यांनी ते लावलं.

*

पुढचं सगळं त्यांनी धरलं होतं तसंच झालं. सुधारलेली कृती परदेशात गेली. सव्वा महिन्याने तिथून पत्र आलं: वाढली. दाखला आला. प्रजातीला नाव मिळालं. लॅटिन, लांबलचक. काकांना ते उच्चारता येत नव्हतं. मॅडमनी जुन्या लिखाणाची दुरुस्ती स्वतःहून छापायला दिली आणि खालमानेने नाही, ताठ मानेने दिली. काकांना बोलावून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय हो? आभारात घालायचंय." काकांनी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून, एकेक अक्षर करून लिहून घेतलं.

पास त्या दिवशी दारावर परत केला. "म्हणजे आता येणार नाही?" पहारेकऱ्याने विचारलं. काका म्हणाले, "काम झालं." पहारेकऱ्याने वहीत तसं लिहिलं.

छापील लेख टपालाने घरी आला. मॅडमनी एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती आणि समासात अर्थ लिहिला होता: फॉस्फेट आणि अगार वेगवेगळे निर्जंतुक करून, कोमट झाल्यावर एकत्र करावेत. काकांनी ती ओळ पुष्कळदा वाचली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्यांचं नाव होतं. बरोबर छापलेलं. दाखवावं असं घरात कोणी नव्हतं. त्यांनी लेखाच्या कोपऱ्यावर पांढरी पट्टी चिकटवली. तारीख घातली. सही केली. चहाच्या डब्याशेजारी उभा करून ठेवला.

रविवारी दहाला फोन वाजला.

"बाबा, बरंय ना सगळं?"

'बरंय' हा शब्द तोंडात तयार होता. दर रविवारी असायचा. काकांनी डब्यांच्या रांगेकडे बघितलं.

"नाही गं," ते म्हणाले. "बरं नाहीये."

"काय झालं? पडलात का कुठे? ताप आहे का?"

"नाही, नाही. तब्येत ठीक आहे. पण मी खोटं सांगत होतो तुला. इथे काही काम नाहीये मला. उरकायचं असं काहीच नाही. दिवस जात नाही."

पलीकडे कोणीतरी भांडं खाली ठेवलं. नळ बंद झाला. काकांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"कधीपासून, बाबा?" तिने विचारलं.

काका खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले.